परक्या देहाचा उंबरठा : कुत्र्यांमधील हर्पिस विषाणूंच्या अभ्यासाला प्रस्तावना

कुत्री व्याल्यावर पहिले सात-आठ दिवस सगळे सुरळीत असते. पिल्ले आचळाला लागतात, गुबगुबीत होतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात. मग एका रात्री त्यातले एक रडू लागते. भुकेचे रडणे कळते, ते दूध मिळाले की थांबते. हे थांबत नाही. एकसुरी, बारीक, तासन्‌तास चालणारे. पिल्लू आचळ सोडते, पोटाला हात लावला की कण्हते, शी पिवळट हिरवी आणि पातळ होते. ताप नसतो, उलट अंग गार लागते. दिवसा-दोन दिवसांत ते जाते, आणि ते जाण्याआधीच शेजारचे रडू लागलेले असते. या सगळ्यात आई मात्र ठणठणीत असते. ती जेवते, चालते, गार पडलेल्या पिल्लाला चाटत राहते. घरातले लोक म्हणतात, थंडी बाधली. कोणी म्हणते दूध बाधले, कोणी दृष्ट काढते.

पशुवैद्यकीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा एका वेताला मीही ‘थंडी बाधली’ असेच म्हणालो होतो. पाच पिल्ले गेली. एकाचेही शवविच्छेदन न करता मी ती अंगणात पुरू दिली. पुढे अभ्यास वाढला तसे ते वेत वारंवार आठवत राहिले. एक गोष्ट लक्षात आली, तिच्यामुळे अपराधीपण कमी झाले नाही, पण कुतूहल मात्र कायमचे जडले. ती अशी की ‘थंडी बाधली’ हे निदान अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे म्हणजे या पुस्तकाचा विषय.

१९६५ हे या विषयाचे जन्मवर्ष. त्या वर्षी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील लेलंड कार्मायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात पिल्लांच्या या जीवघेण्या आजाराचे वर्णन केले आणि त्यामागचा विषाणू वेगळा काढला. त्याच सुमारास आणखी दोन गट वेगळ्या वाटांनी तिथेच पोचले होते. त्यातल्या एकाला तर हा विषाणू आजारी पिल्लात भेटलाच नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये तो न बोलावता उगवला होता. निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या अवयवातून असा विषाणू निघावा, ही या घराण्याची पहिली ओळख आहे आणि फार बोलकी आहे. आजारी पिल्लाचे मूत्रपिंड उघडले की जे दिसते तेही एकदा पाहिल्यावर विसरत नाही : फिकट पृष्ठभागावर रक्ताचे लाल ठिपके, शिंपडल्यासारखे. यकृत, फुफ्फुसे, अधिवृक्क ग्रंथी यांतही तसेच ठिपके असतात.

आता थंडीकडे येऊ. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. कुत्र्याचा हर्पिस विषाणू सर्वांत जोमाने वाढतो तो ३५-३६ अंशांवर. म्हणजे प्रौढ कुत्र्याच्या पोटातली ऊब त्याला मानवत नाही. तो नाक, घसा, बाह्य जननेंद्रिये अशा जरा थंड जागी राहतो. तिथे थोडी सर्दी, क्वचित खोकला, योनीमार्गात किंवा शिश्नावर बारीक फोड, कधी डोळ्याच्या बुबुळावर व्रण एवढेच घडते आणि बहुतेकदा तेही घडत नाही. नवजात पिल्लाला मात्र स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही. आईच्या आणि भावंडांच्या अंगाची जेवढी ऊब मिळेल तेवढीच त्याची. ते आईपासून जरा बाजूला घरंगळले, फरशीवर पडले, की त्याचे शरीर आतपर्यंत ३५ अंशांवर येते आणि विषाणूला सगळे अवयव मोकळे होतात. कार्मायकेल यांनी पुढे प्रयोगाने दाखवले की पिल्लांचे शरीर प्रौढांइतके उबदार ठेवले तर विषाणूची वाढ मंदावते. एकदा रडणे सुरू झाल्यावर मात्र उबेचा फारसा उपयोग होत नाही. विषाणूविरोधी औषधे वापरून पाहिली गेली आहेत, पण त्यांचाही भरवसा देता येत नाही. जी पिल्ले वाचतात त्यांतल्या काहींची चाल पुढे डळमळती राहते किंवा दृष्टी जाते.

दोन-तीन अंशांचा हा फरक मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. विषाणू कोणत्या देहात शिरू शकतो असे आपण विचारतो तेव्हा मनात दोन प्रजातींमधली भिंत असते. इथे तीच भिंत एकाच प्रजातीत, आई आणि तिच्या कुशीतल्या पिल्लामध्ये उभी आहे.

या घराण्याशी मराठी माणसाची ओळख फार जुनी आहे, फक्त नाव वेगळे आहे. लहानपणी येणाऱ्या कांजिण्या आणि उतारवयात कमरेभोवती किंवा छातीवर उठणारी नागीण ही एकाच हर्पिस विषाणूची दोन रूपे. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खरी नाही. पण सरपटण्याची ही प्रतिमा मात्र नेमकी आहे, कारण ‘हर्पिस’ हा ग्रीक शब्दही सरपटण्यावरूनच आला आहे. दोन दूरच्या समाजांना तेच दिसले. कुत्र्याचा हर्पिस विषाणू आणि कांजिण्यांचा विषाणू वर्गीकरणात एकाच वंशाचे, व्हॅरिसेलोव्हायरस या वंशाचे सदस्य आहेत. म्हणून कुत्र्याच्या विषाणूबद्दल जे पुढे सांगायचे आहे, त्याचा अर्धा अनुभव वाचकाच्या घरातच आहे.

त्यातली मुख्य गोष्ट ही की हर्पिस विषाणू एकदा आला की जात नाही. कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन झोपतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी नागीण होऊन उठतो. कुत्र्यातही तसेच. चेहऱ्याच्या आणि कमरेच्या मज्जातंतूंच्या गाठींत, टॉन्सिलमध्ये तो सुप्त राहतो. ताण, गर्भारपण, प्रवास, स्टेरॉइडची औषधे यांनी जागा होतो, काही दिवस नाकातल्या स्रावातून बाहेर पडतो आणि परत झोपतो. युरोपात झालेल्या पाहण्यांमध्ये कुत्र्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात आढळली आहेत. बेल्जियममध्ये निम्म्याच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या एका पाहणीत त्याहून कितीतरी जास्त. ही प्रतिपिंडे लवकर ओसरतात, त्यामुळे चाचणीत काही न सापडलेली कुत्री विषाणूमुक्त आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. धोका सर्वांत मोठा असतो तो ज्या कुत्रीला हा विषाणू पूर्वी कधीच भेटलेला नाही तिच्या पिल्लांना. गाभणपणाचे शेवटचे तीन आठवडे आणि व्याल्यानंतरचे पहिले तीन आठवडे या काळात तिला पहिल्यांदा लागण झाली, तर तिच्याकडे पिल्लांना देण्यासारखे काही नसते. जिला आधी होऊन गेलेला असतो ती चिकातून प्रतिपिंडे पाजते, आणि पिल्ले तरतात.

हे सगळे समजावून झाले की दवाखान्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो रास्त असतो. घरात लहान मूल आहे, मांजर आहे, सूनबाईंना दिवस गेलेले आहेत. हे आमच्यात येईल का?

उत्तर सरळ देता येते : नाही. कुत्र्याचा हर्पिस विषाणू माणसाला आजारी पाडत नाही. तुमच्या ओठावर ताप उतरल्यावर उठणारे फोड कुत्र्याने दिलेले नसतात, आणि मांजराच्या शिंका व चिकट डोळे हे बहुधा मांजराच्या स्वतःच्या हर्पिस विषाणूचे काम असते. कुत्रा, लांडगा, कोल्हा, अमेरिकेतला कायोटी हे या विषाणूचे गोत; त्यापलीकडे तो सहसा जात नाही. देहाबाहेर तर तो फारच दुबळा असतो. त्याचे स्निग्ध आवरण साध्या साबणाने, जंतुनाशकाने, उन्हाने फाटते. ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या लाल कोल्ह्यांची संख्या रोखण्यासाठी त्यांच्यात वंध्यत्व आणणारी लस पसरवायची कल्पना निघाली, तेव्हा ती वाहून नेण्यासाठी शास्त्रज्ञांनी याच विषाणूचा विचार केला आणि कोल्ह्यांवर प्रयोगही केले. तो कुत्र्याच्या कुळाबाहेर जाणार नाही, हा त्यामागचा विश्वास. अडचणही तीच होती : ज्या कुळापुरता तो मर्यादित आहे त्यात डिंगो आणि घरचा कुत्राही येतात.

एवढा काटेकोरपणा येतो कुठून? ग्लासगोचे डंकन मॅकगिऑक यांनी १९९०च्या दशकात हर्पिस विषाणूंची वंशावळ आणि त्यांच्या यजमान प्राण्यांची वंशावळ शेजारी ठेवून पाहिली. पुष्कळ ठिकाणी दोन्हींच्या फांद्या जुळल्या. प्राण्यांचे पूर्वज वेगळे झाले तसे त्यांच्या अंगातले विषाणूही वेगळे झाले. नेदरलँड्समध्ये पीटरबुरेनच्या संगोपन केंद्रात आईविना सापडलेली सीलची पिल्ले १९८०च्या दशकात एका हर्पिस विषाणूने दगावली, आणि तो विषाणू कुत्र्याच्या आणि मांजराच्या हर्पिसचा जवळचा नातलग निघाला. सील, कुत्रा आणि मांजर हे तिघेही मांसभक्षकांच्या एकाच गणातले. म्हणून सीलच्या रक्तात कुत्र्याच्या विषाणूशी जुळणारी प्रतिपिंडे दिसली तर ‘कुत्र्याकडून सीलला गेला’ असा निष्कर्ष काढण्याआधी थांबावे लागते. नातलगांचे चेहरे सारखे असतात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. या अभ्यासात उतरणाऱ्याने हा सावधपणा पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावा.

पण मग हर्पिस विषाणू प्रजाती ओलांडतच नाहीत का? ओलांडतात, आणि कुत्रा त्याचा सर्वांत दुर्दैवी साक्षीदार आहे. १९०२ साली बुडापेस्टमध्ये अलादार औयेस्की यांनी एका बैलात, एका कुत्र्यात आणि एका मांजरात असा आजार पाहिला की जो रेबीजसारखा भासत होता आणि रेबीज नव्हता. त्या रोगाला आज औयेस्कीचा रोग किंवा छद्मरेबीज म्हणतात. त्याचा विषाणू डुकराचा. मोठ्या डुकरात तो सर्दीसारखा येऊन जातो आणि सुप्त राहतो. लहान पिल्ले मात्र मरतात. कुत्र्याच्या हर्पिसची कथाच डुकराच्या घरी पुन्हा घडते. पण रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या किंवा कच्चे डुकराचे मांस खाल्लेल्या कुत्र्यात हाच विषाणू शिरला की मज्जातंतूंतून थेट मेंदूकडे चढतो. इतकी भयंकर खाज सुटते की कुत्रा स्वतःचे तोंड, गाल ओरबाडून रक्तबंबाळ करतो. लाळ गळते, तो विव्हळतो आणि साधारण दोन दिवसांत मरतो. अमेरिकेत आयोवातल्या गुरांमध्ये असाच आजार ‘वेडी खाज’ या नावाने लोकांना माहीत होता. तो आणि औयेस्कींचा रोग एकच असल्याचे रिचर्ड शोप यांनी १९३१ मध्ये दाखवले. अमेरिकेने २००४ पर्यंत आपल्या व्यापारी वराहपालनातून हा रोग काढून टाकला, पण रानडुकरांत तो राहिला आहे आणि शिकारी कुत्रे अजून बळी पडतात.

इथे एक भेद करायला हवा; तो मनात नसला तर या विषयातली निम्मी चर्चा भरकटते. परक्याचा उंबरठा ओलांडणे वेगळे आणि तिथे बिऱ्हाड करणे वेगळे. छद्मरेबीजचा विषाणू कुत्र्याच्या देहात शिरतो, पण राहत नाही. कुत्रा त्याच्या वाटेचा शेवट असतो. त्या कुत्र्यापासून दुसऱ्याला सहसा लागण होत नाही, कारण पसरायला वेळच मिळत नाही. स्वतःच्या घरी सौम्यपणे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा विषाणू परक्या घरी शिरला की नासधूस करतो आणि स्वतःही तिथेच संपतो. ‘हा विषाणू प्रजाती ओलांडतो का?’ असे कोणी विचारले की मी आता उलट विचारतो : आत येतो का, आत आल्यावर राहतो का, आणि तिथून पुढे जातो का? तिन्हींची उत्तरे क्वचितच एकसारखी येतात.

माणसाच्या बाबतीत याचे सर्वांत कठोर उदाहरण माकडाकडून आले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिओवर काम करणारे तरुण डॉक्टर विल्यम ब्रेब्नर यांना ऱ्हिसस माकड चावले आणि ते मेंदूच्या व मज्जारज्जूच्या दाहाने दगावले. पुढे पोलिओची तोंडाने घ्यायची लस देणारे अल्बर्ट सेबिन आणि आर्थर राइट यांनी त्यांच्या ऊतींतून विषाणू वेगळा काढला. ब्रेब्नर यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून त्याला बी विषाणू म्हणतात. माकडाला त्याने तोंडात फोड येतात, इतकेच. उपचार न मिळालेल्या माणसांत दहापैकी सात-आठ जण मरतात. माणसाकडून माणसाला तो गेल्याचे ठाऊक असलेले उदाहरण एकच, १९८७ चे, फ्लोरिडातले. या कथेशी भारताचा संबंध जवळचा आहे. पोलिओ लसीच्या कामासाठी पाश्चात्त्य प्रयोगशाळांना ऱ्हिसस माकडे पुरवणारा मुख्य देश आपण होतो. १९७८ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली.

छद्मरेबीजच्या बाबतीत माणूस सुरक्षित आहे असे अनेक दशके मानले जात होते. तिथे आता फेरविचार करावा लागतो. २०११ पासून चीनमध्ये लस टोचलेल्या डुकरांतही या विषाणूचा नवा प्रकार पसरला. त्यानंतर डुकरांशी रोज संबंध येणाऱ्या काही माणसांना मेंदूदाह झाला, आणि एका रुग्णाच्या मेंदूजलातून विषाणू जिवंत वेगळा काढल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशीत शिरताना हा विषाणू नेक्टिन-१ नावाचे जे प्रथिन धरतो, ते डुकरात आणि माणसात इतके सारखे आहे की त्याला दोन्ही जवळपास सारखेच घट्ट धरता येते. दार आधीपासूनच उघडण्यासारखे होते. मग इतकी वर्षे ते बंद का राहिले, हा माझ्या मते अधिक रसाळ प्रश्न आहे आणि तरुण संशोधकांनी तो हाती घ्यावा असे मनापासून वाटते.

बाकी उदाहरणे इथे धावती सांगतो, कारण पुढे त्यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. पूर्व आफ्रिकेतले मसाई गुराखी वाइल्डबीस्ट विण्याच्या हंगामात आपली गुरे त्यांच्यापासून दूर नेतात. त्या शहाणपणामागचा हर्पिस विषाणू वॉल्टर प्लाउराइट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये वेगळा काढला. जर्मनीत वुपर्टालच्या प्राणिसंग्रहालयात २०१० मध्ये एक ध्रुवीय अस्वल मेंदूदाहाने मेले, आणि त्याच्या मेंदूत घोडा-झेब्रा यांच्या कुळातल्या हर्पिस विषाणूंचा मिश्र अवतार सापडला. निसर्गात झेब्रा आणि ध्रुवीय अस्वल कधी भेटले असते?

हत्तींच्या उदाहरणापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण ते आपल्याला स्वतःच्या तर्काबद्दल सावध करते. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात ‘कुमारी’ नावाचे सोळा महिन्यांचे आशियाई हत्तीचे पिल्लू अचानक रक्तस्रावाने मेले. कारण हर्पिस विषाणू निघाले, आणि १९९९ मध्ये मांडणी झाली की हा विषाणू प्राणिसंग्रहालयात शेजारी राहणाऱ्या आफ्रिकी हत्तींकडून आला असावा. तर्क सुंदर होता : परक्या घरी गेलेला विषाणू मारतो, इथे मृत्यू झाला, म्हणजे विषाणू परका. नंतर निरोगी आशियाई हत्तींच्या सोंडेतल्या स्रावातच तो विषाणू सापडू लागला. केरळ-तमिळनाडूच्या जंगलांतली, आफ्रिकी हत्ती कधीच न पाहिलेली पिल्लेही त्याने मेल्याचे दिसले. विषाणू घरचाच होता. मेलेले पिल्लू विषाणूला परके नव्हते, लहान होते, आणि आईकडून मिळालेले संरक्षण ओसरण्याच्या वयात होते. हे वाचताना मला दर वेळी ती गार पडलेली कुत्र्याची पिल्ले दिसतात.

आणि बिऱ्हाड थाटलेच गेले, असेही घडलेले आहे. माणसाचे हर्पिस सिम्प्लेक्स प्रकारचे दोन विषाणू आहेत, ओठाचा पहिला आणि जननेंद्रियांचा दुसरा. पहिला आपल्या पूर्वजांबरोबर चालत आला. दुसरा चिंपांझीच्या विषाणूला अधिक जवळचा आहे; सुमारे १६ लाख वर्षांपूर्वी तो चिंपांझीच्या पूर्वजांकडून आपल्या पूर्वजांकडे आला आणि राहिला, असे २०१४ मधील जनुकीय अभ्यास सांगतो.

विद्यार्थ्यांना या अभ्यासासाठी मोठी प्रयोगशाळा लागेल असे वाटते. पुढे लागतेच; कुत्र्याच्या हर्पिसचा संपूर्ण जनुकसंच, सुमारे सव्वा लाख अक्षरांचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर खूप काम बाकी आहे. पण सुरुवात व्यायलेल्या कुत्रीच्या खोक्यापाशी होते. खोक्यात तापमापी टांगा. पहिल्या आठवड्यात तिथली हवा ३० अंशांच्या आसपास असू द्या, आणि आईला वाटल्यास बाजूला होता येईल अशी एक थंड जागाही ठेवा. पिल्लांचे वजन रोज लिहा. गाभण कुत्रीला शेवटचे तीन आठवडे प्रदर्शनाला, बाहेरच्या कुत्र्यांत नेऊ देऊ नका. युरोपात २००१ पासून गाभण कुत्रीला देण्याची लस आहे, एक मात्रा माजाच्या वेळी किंवा जुगल्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी आणि दुसरी विण्याआधी एक-दोन आठवडे. तिचा हेतू आईला वाचवण्याचा नसून चिकात प्रतिपिंडे भरण्याचा आहे.

आणि एखादे पिल्लू गेलेच, तर ते पुरू देऊ नका. बर्फावर ठेवा, पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी उघडा. मूत्रपिंडावर लाल ठिपके असले तर नमुने तपासणीला पाठवा आणि बाहेर ताटकळलेल्या माणसाकडे जा. तो विचारणार असतो की कुत्रीचे आता काय करायचे. तिला टाकू नका, असे त्याला सांगा. तिच्या रक्तात आता या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, आणि पुढच्या वेतातली पिल्ले बहुधा तिच्या चिकावर तरतील.